दहा हजार पावलं आणि एक वाटी खीर

पावसाळ्यात भटकू नये, असा खुद्द भगवान बुद्धांनी घालून दिलेला नियम आहे. मी हे घरात सांगितलं तेव्हा बाहेर पाऊस नव्हता, नुसतं आभाळ होतं. सकाळचे साडेपाच वाजले होते आणि बायकोनं नवे कोरे बूट माझ्या उशाशी आणून ठेवले होते.

नियम खराच आहे. पावसाळ्यात कोवळं गवत उगवतं, किडामुंगी बाहेर पडते आणि हे शाक्यपुत्र श्रमण सगळं तुडवत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भिक्खूंनी तीन महिने एके ठिकाणी राहावं असं ठरलं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा हा वर्षावास. आमच्या नागपुरात या दिवसांत विहाराविहारांतून बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. मी ते नेमानं बसून ऐकतो. बसण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा वस्तीत कोणी नाही.

“तुम्ही काय भिक्खू होय का?” बायकोनं विचारलं.

“उपासक आहे.”

“मग उपासकानं उठावं.”

उठलो. कारण या वेळी प्रकरण सरकारी होतं.

तसं देशाच्या तंदुरुस्तीला माझा कधीच विरोध नव्हता. २१ जून २०१५ ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला, दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकदम आसनं केली, विश्वविक्रम झाला. मी भारावून गेलो आणि योगासनांची चटई आणली. तिच्यावर आई कुरड्या वाळवते. २९ ऑगस्ट २०१९ ला, मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीला, फिट इंडियाची मोहीम सुरू झाली. रोज अर्धा तास काढा म्हणाले. मी उड्या मारायची दोरी आणली. ती गॅलरीत बांधली आहे, टॉवेल छान वाळतात. मग रविवारी सायकल चालवायची मोहीम निघाली. सायकल आणली. तिच्यावर पुतण्या शिकवणीला जातो. देशानं तंदुरुस्तीकडे एक पाऊल टाकलं की आमच्या घरात एक वस्तू येते. माझं वजन तेवढं या घडामोडींपासून अलिप्त राहिलं.

पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कार्यालयात परिपत्रक निघालं. १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर, प्रत्येक कर्मचाऱ्यानं रोज दहा हजार पावलं चालायची, मोबाईलमधल्या ॲपवर मोजायची आणि रात्री नऊच्या आत आकडा कार्यालयाच्या ग्रुपवर टाकायचा. मी दिवस मोजले. एकोणपन्नास. बोधी प्राप्त झाल्यावर भगवंतांनी बोधिवृक्षाच्या परिसरात सात आठवडे घालवले, म्हणजे तेही एकोणपन्नास दिवसच. हा योगायोग मी मोठ्या उत्साहानं साहेबांच्या कानावर घातला. साहेब म्हणाले, “वा! मग तुमच्याकडून अपेक्षा जास्त.”

योगायोग नेहमी मनात ठेवावेत.

दहा हजार हा आकडा कुठून आला याचाही मी शोध घेतला, कारण शोध बसून घेता येतो. तर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच मुळी ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा बोलायला सुटसुटीत, खपायला चांगला. एका दुकानदारानं साठ वर्षांपूर्वी यंत्राचं बारसं केलं आणि त्याचं पाप माझ्या गुडघ्यावर आलं. त्या माणसाला नऊशे पावलं का सुचली नाहीत?

पहिल्या दिवशी, झेंडावंदन आणि त्यानंतरची जिलेबी धरून, माझी २,१०० पावलं झाली. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून कार्यालयात जाताना मोबाईल शर्टाच्या खिशात राहिला आणि ॲपनं घरापासून कार्यालयापर्यंतच्या खड्ड्यांची ६४० पावलं माझ्या नावावर जमा केली. नागपूरच्या रस्त्यांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मला कृतज्ञता वाटली. पण खड्ड्यांनाही मर्यादा असते. उरलेली पावलं भरून काढता काढता सप्टेंबर उजाडेपर्यंत माझी पंचशीलं एकेक करून गळून पडली. विहारात मी दर रविवारी ती घेतो आणि सोमवारपासून देश तंदुरुस्त करायला निघतो.

पहिलं शील, प्राणिहिंसा न करण्याचं. मी फुटाळ्याकडच्या बाजूला संध्याकाळी फिरायला जायचो. तिथे काही मंडळी गोल उभी राहून टाळ्या वाजवतात. “वाजवा हो, रक्ताभिसरण वाढतं!” मीही वाजवल्या. पावसाळा, तलावाचा काठ आणि माझी अर्धी चड्डी. दर दोन टाळ्यांमध्ये एक डास सापडायचा. रक्ताभिसरण झालं हे तळहातावर दिसत होतं, फक्त ते आधी डासाच्या पोटात जाऊन आलेलं होतं.

पाचवं शील, मादक पेयांपासून दूर राहण्याचं. आमचे लेखापाल म्हणाले, चालायला ताकद लागते, अश्वगंधारिष्ट घ्या. पंधरा दिवस घेतलं. चालायला जाताना पाय हलके वाटायचे. पुतण्यानं एकदा बाटलीवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं, आपोआप तयार झालेला मद्यार्क, पाच ते दहा टक्के. पुढे वाचलं, जेवणानंतर दोन चमचे. मी निम्मा पेला घेत होतो, तोही उपाशीपोटी. आई भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, “अन् हे पोट्ट बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणते.”

तिसरं शील, व्यभिचार न करण्याचं. त्याबद्दल मी निर्दोष आहे, पण बायकोला शंका आली. “रोज सकाळी सहाला सेंट मारून कोण चालायले जाते?” तो सेंट नव्हता, ट्रॅकसूटला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता, तो लपवायला मी पावडर मारायचो. तिचा विश्वास बसेना. एक दिवस ती शंभर पावलांवरून मागं मागं आली. मी कुठे जातो ते तिनं पाहिलं. तर्री पोह्याच्या ठेल्यावर. मी कुणाला भेटतो तेही पाहिलं. चार सेवानिवृत्त गृहस्थ, तिघांना साखर, एकाला प्रोस्टेट, चौघांच्या हातात दुसरी प्लेट. तिचा संशय त्या दिवशी फिटला. आदरही तेव्हाच फिटला.

चौथं शील, खोटं न बोलण्याचं. रात्री पावणेनऊला ग्रुपवर आकडे पडू लागत. सुरुवातीला मी सरळ १०,००० टाकला. आस्थापना शाखेच्या मॅडमनी लगेच विचारलं, “बरोबर दहा हजारावर थांबलात?” तेव्हा मला कळलं की खोट्या आकड्याच्या शेवटी कधी शून्य ठेवू नये. दुसऱ्या दिवसापासून मी १०,४३७, ११,०८३ असे विश्वासार्ह आकडे टाकू लागलो. पुढे साहेबांनी फर्मान काढलं की नुसता आकडा चालणार नाही, ॲपच्या पडद्याचा फोटो पाहिजे. आणि त्यातून दुसऱ्या शीलावर संकट आलं.

दुसरं शील म्हणजे न दिलेलं न घेणं. आमच्या कार्यालयात एक शिपाई आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. या टेबलावरची फाईल त्या टेबलावर, तिथून साहेबांकडे, साहेबांकडून झेरॉक्सला, झेरॉक्सहून चहाला. मामा चालत नाहीत असा क्षण मी पाहिलेला नाही. एक दिवस मी माझा मोबाईल हळूच त्यांच्या खिशात सरकवला. संध्याकाळी १४,२१२! पावलं त्यांची, नावावर माझ्या.

“मामा, कोणाला सांगू नका,” मी म्हणालो.

“नाही सांगत जी,” मामांनी दुसऱ्या खिशातून आणखी एक मोबाईल काढला. “हे लेखापाल साहेबाचा. हे आस्थापनावाल्या बाईचा. अन् हा,” त्यांनी आवाज खाली केला, “मोठ्या साहेबाचा.”

मामांच्या सदऱ्याला तीन खिसे आहेत. सहा मोबाईल त्यात मावत नाहीत म्हणून दोन ते फाईलमध्ये ठेवायचे. एकदा माझ्या बायकोनं दुपारी फोन केला, तो मामांनीच उचलला.

“साहेब आहेत का?”

“चालून राहिले जी.”

“कुठं?”

“माह्या खिशात.”

त्या रात्री जेवताना माझ्या ताटात भाजी थोडी जोरात पडली.

शेवटी मी विहारातल्या भन्तेजींना गाठलं. म्हटलं, वर्षावासात चालणं योग्य नाही ना? एवढं एक वाक्य त्यांनी आमच्या घरी येऊन सांगावं, अशी माझी माफक अपेक्षा होती. भन्तेजी हसले. म्हणाले, वर्षावासात गावोगाव फिरायचं नसतं, पण विहाराच्या आवारात चंक्रमण, म्हणजे भान ठेवून येरझाऱ्या घालणं, रोज असतं. एका सुत्तात भगवंतांनी त्याचे पाच फायदे सांगितलेत. प्रवास झेपतो, प्रयत्न करायचं बळ येतं, प्रकृती चांगली राहते, खाल्लेलं पचतं आणि चंक्रमण करताना साधलेली समाधी बराच वेळ टिकते.

माझा शेवटचा आधार गेला. पण मी चिवट आहे. पायातला मोजा काढून मी त्यांना फोड दाखवला, नव्या बुटानं आलेला. म्हटलं, भन्तेजी, सोण स्थविरांचं काय झालं होतं? सोण कोलिविस हा चंपा नगरीतल्या श्रीमंत घरातला मुलगा, इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर लव होती म्हणतात. भिक्खू झाल्यावर तो एवढं चंक्रमण करू लागला की पाय फुटले आणि वाट रक्तानं माखली. भगवंतांनी त्याला वीणेचं उदाहरण दिलं. तार फार ताणली की सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. म्हणजे मध्यम मार्ग. आणि म्हणूनच मी आजपासून चालणं थोडं सैल...

भन्तेजींनी फोडाकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

“उपासक, सोणाची तार फार ताणलेली होती म्हणून त्याला ते सांगावं लागलं. तुमच्या वीणेला तार लावायची आहे अजून.” मग दयेनं म्हणाले, “त्या प्रसंगानंतर भिक्खूंना वहाणा घालायची परवानगी मिळाली. तुम्हाला तर बूट आधीच मिळालेत.”

त्याच संध्याकाळी धम्मदेसनेत त्यांनी राजा पसेनदीची गोष्ट सांगितली. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, हेच मला लागलं. कोसलचा हा राजा एका बैठकीला द्रोणभर भात खायचा. एकदा असाच जेवून धापा टाकत तो श्रावस्तीत भगवंतांना भेटायला गेला. त्याची अवस्था बघून भगवंतांनी एक गाथा म्हटली. आशय असा की, जो भान ठेवून जेवतो आणि जेवणाची मात्रा ओळखतो, त्याचे त्रास कमी होतात, म्हातारपण सावकाश येतं, आयुष्य राखलं जातं. राजाच्या मागं सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा, रोज शंभर कार्षापण देईन. सुदर्शन म्हणत गेला, राजा हळूहळू द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि आपल्या सडपातळ झालेल्या अंगावरून हात फिरवत भगवंतांचे गुण गाऊ लागला.

मला उजेडात आल्यासारखं झालं. या गोष्टीत राजा एक पाऊलही चालत नाही! मोहीम नाही, बूट नाहीत, ॲप नाही. एक पोरगा लागतो, बस.

पोरगा घरातच होता. धाकट्या भावाचा, सातवीतला, सायकलवाला. त्याला सांगितलं, मी तिसरी पोळी घेतली की “मात्रा!” म्हणायचं. दर जेवणाला दहा रुपये.

“राजा शंभर देत होता, मोठे बाबा.”

“राजाला महागाई भत्ता वेळेवर मिळत होता. दहा.”

तीन दिवस योजना नीट चालली. चौथ्या दिवशी मी पहिल्याच पोळीचा तुकडा मोडला आणि तो गरजला, “मात्रा!” चौकशी केली तेव्हा कळलं की बायकोनं त्याला वीस रुपये देऊन अंमलबजावणी अलीकडे ओढली होती. मी त्याला बाजूला घेऊन गप्प बसायचे तीस देऊ केले. मग आईनं, नातवाला घासागणिक ओरडावं लागतं म्हणून, त्याच्या घशासाठी वेगळे दहा सुरू केले. आठवड्याभरात पोरानं वहीच्या शेवटच्या पानावर दरपत्रक तयार केलं. पोळी, भात, सावजी रस्सा, पाहुण्यांसमोर न ओरडणं, असे वेगळे दर. सावजीला दुप्पट. म्हणाला, “त्यात तुम्ही ऐकतच नाही, आवाज जास्त लागते.”

पसेनदी अन्नानं कमी झाला, मी पाकिटानं झालो. उलट सुदर्शनच फुगू लागला, कारण मिळालेले पैसे तो शाळेबाहेरच्या समोशात गुंतवत होता.

भाद्रपद पौर्णिमेला मी अष्टशील घेतलं. पांढरे कपडे घातले. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न नाही. उद्देश संयमाचा असतो हे मला मान्य आहे, पण साडेदहा वाजताच माझ्या पोटात दुष्काळाची चाहूल लागली. साडेदहा ते अकरा अठ्ठावन्न मी जे जेवलो त्याला संयम म्हणता येणार नाही. पुतण्या सुरुवातीला ओरडला. मग थकला. शेवटी त्यानं वही मिटली आणि म्हणाला, “मोठे बाबा, याचा दर नाही माह्याकडे.”

२ ऑक्टोबरला स्पर्धेचा शेवटचा दिवस आणि त्याच दिवशी दसरा, म्हणजे आमची अशोक विजयादशमी. १९५६ साली त्या तिथीला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी इथेच धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना दिली. तेव्हापासून दीक्षाभूमीवर देशभरातून लोक लोटतात. गाड्या पार लांब थांबतात, पुढे पायीच. मी घरून पायी निघालो. गर्दीबरोबर सरकलो, रांगेत उभा राहिलो, पुस्तकांच्या स्टॉलवर हिंडलो, चुकलेल्या आईला शोधत दोनदा परत फिरलो, अंधार पडल्यावर पायीच घरी आलो. एकोणपन्नास दिवसांत मी खरोखर चाललो तो हा एकच दिवस. मोबाईल गर्दीत जाईल म्हणून घरी ठेवला होता. ॲपमध्ये त्या दिवशी भलंमोठं शून्य. रात्री ग्रुपवर मॅडमचा संदेश, “बरं नाही का हो? आज चाललाच नाहीत!”

तरी निकालात मी दुसरा आलो. पहिले अर्थात साहेब. तिसरे लेखापाल, जे मधले वीस दिवस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. त्यांचा मोबाईल मात्र रोज कामावर येत होता. साहेबांनी भाषणात शिस्त आणि सातत्य यांचं महत्त्व सांगितलं. खुर्च्या मामांनी मांडल्या, पुष्पगुच्छ मामांनी आणले, प्रमाणपत्रांचा ट्रे धरून मामाच उभे राहिले. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम उत्साहाच्या भरात म्हणाल्या, “मामा, तुम्ही का नाही भाग घेतला? चालायची सवय करा, या वयात फार गरज असते.”

“माह्याजवळ साधा फोन हाय जी,” मामा म्हणाले, “त्याच्यात पाय मोजता येत नाही.”

टाळ्या झाल्या. या वेळी एकही डास मेला नाही.

चार दिवसांनी आश्विन पौर्णिमा, वर्षावासाची सांगता. विहारात वंदना झाली, भन्तेजींना चीवरदान झालं आणि मग खिरीची पंगत बसली. सुजाताच्या खिरीची आठवण म्हणून आम्ही बुद्ध पौर्णिमेला खीर करतोच, पण आमच्या वस्तीला एवढ्यावर समाधान नाही, ती कोणत्याही पौर्णिमेला सुजाताची आठवण काढू शकते. मी पंगतीत मांडी घातली, बाजूला पुतण्या. वाढायला कोण, तर मामा. ते आमच्याच विहारातले. पांढरा सदरा, तीन खिसे, तिन्ही रिकामे, हातात पितळी बादली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या टोकाहून चुलीपर्यंत, चुलीहून परत. त्यांचं चालणं कोणाच्याच खात्यात जमा होत नव्हतं.

पहिली वाटी झाली. दुसरी झाली. साखर बेताची, चारोळी भरपूर, दूध आटवून घट्ट केलेलं. तिसऱ्यांदा मामा माझ्यापुढे आले तेव्हा मी वाटी पुढे केली आणि पुतण्याकडे चोरून पाहिलं. त्याचं तोंड खिरीनं भरलेलं होतं. दोन्ही गाल फुगलेले. तो “मा...” एवढंच म्हणू शकला.

मामांनी डाव भरला, माझ्या वाटीवर आणला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. मग वाकून, पंगतीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

“साहेब, हे वाटी कोणाच्या नावावर टाकू?”